करार संपला, दावं सुटेना: जॉर्ज ईस्टहॅम विरुद्ध न्यूकॅसल युनायटेड

१९६० सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातला नवा फुटबॉल हंगाम सुरू झाला, तेव्हा न्यूकॅसल युनायटेडचा खेळाडू जॉर्ज ईस्टहॅम लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात बूच विकत होता. बूच म्हणजे तेच, बाटलीच्या तोंडाला बसवतात ते. वय २३. पाय धड, दुखापत नाही, कसली शिक्षाही झालेली नाही. ३० जूनला त्याचा क्लबशी असलेला करार संपला होता आणि पुढच्या करारावर सही करायला त्याने नकार दिला होता. म्हणजे तो कुणाचाच नोकर नव्हता. तरीही फुटबॉल लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून त्याला खेळता येत नव्हतं, कारण न्यूकॅसलने त्याला 'राखून ठेवलेल्या' खेळाडूंच्या यादीत घातलं होतं.

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण १९६३च्या कोर्टाच्या निकालापासून सुरुवात करतात. निकाल मोठाच आहे. पण मला त्यात जास्त कुतूहल आहे ते मधल्या अडीच वर्षांचं. ईस्टहॅमला हवा होता तो क्लब १९६०च्या नोव्हेंबरातच मिळाला. तिथून पुढे हा खटला चालवायची त्याला स्वतःसाठी काहीच गरज उरली नव्हती. तरी खटला चालला.

नियम असा होता

इंग्लंडात व्यावसायिक फुटबॉलपटूला दोन दोऱ्यांनी बांधलेलं होतं. पहिली दोरी पगाराची. १९०१ साली कमाल पगार आठवड्याला ४ पौंड ठरला. तो वाढत वाढत १९५८ पर्यंत २० पौंडांवर आला, तोही हंगाम चालू असतानाच, उन्हाळ्यात १७. देशातला सर्वोत्तम खेळाडू असो की यंदाच संघात आलेला पोरगा, २० पौंडांच्या वर कायदेशीरपणे कुणालाच देता येत नसे. सर्वसाधारण कारखाना कामगार तेव्हा १५ पौंडांच्या आसपास कमवत होता. म्हणजे साठ हजारांच्या गर्दीसमोर खेळणारा माणूस त्या गर्दीतल्या माणसापेक्षा चार-पाच पौंडांनीच पुढे.

दुसरी दोरी नोंदणीची, आणि ती जास्त घट्ट होती. 'रिटेन अँड ट्रान्सफर' असं तिचं नाव. मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. खेळाडूचा करार वर्षाचा असे आणि ३० जूनला संपे. पण करार आणि नोंदणी या वेगळ्या गोष्टी होत्या. हंगाम संपला की क्लब आपल्या खेळाडूंच्या याद्या करी: कुणाला राखायचं, कुणाला विकायला काढायचं, कुणाला फुकट सोडायचं. 'राखलेल्या' यादीत नाव पडलं की खेळाडूने नवा करार घ्यावा, नाहीतर बसून राहावं. बसला तर १ जुलैपासून पगार बंद, पण नोंदणी मात्र जुन्या क्लबकडेच. ती कितीही वर्षं तिथे राहू शकत होती.

आपल्याकडे गुरं दावणीला बांधतात, पण निदान वैरण तरी टाकतात. इथे वैरण बंद आणि दावं तसंच.

लीगचं म्हणणं असं की ही सोय नसेल तर श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू उचलून नेतील आणि लहान गावांचे क्लब बुडतील. हे अगदीच पोकळ नव्हतं. खेळाडू विकून आलेल्या पैशावर कित्येक लहान क्लब खरोखर तग धरून होते. पण त्यासाठी खेळाडूला करार संपल्यावरही बांधून का ठेवायचं, याचं उत्तर सत्तर वर्षांत कुणी दिलेलं नव्हतं. कोर्टात विचारेपर्यंत देण्याची वेळही आली नव्हती.

आधी जे अडकले

कोर्टात विचारण्याचा एक प्रयत्न १९१२ साली झाला होता. अॅस्टन व्हिला क्लबने हॅरी किंगाबी नावाच्या खेळाडूवर मोठी किंमत लावून ठेवली आणि त्यामुळे त्याला दुसरीकडे जाता येईना. खेळाडूंच्या युनियनने त्याच्यामागे उभं राहून दावा लावला. वकिलाने सगळा भर क्लबच्या दुष्ट हेतूवर दिला. दुष्टपणा सिद्ध झाला नाही, दावा पडला आणि खर्चाने युनियन जवळजवळ धुऊन निघाली. त्यानंतर पन्नास वर्षं त्या वाटेला कुणी गेलं नाही.

युद्धानंतर मैदानं ओसंडून वाहू लागली, क्लबांच्या गल्ल्यात पैसा आला आणि कुरबुर वाढली. मिडल्सब्रोचा विल्फ मॅनियन त्या काळातला सोन्यासारखा खेळाडू. १९४७ साली ग्रेट ब्रिटनने उर्वरित युरोपचा ६-१ असा धुव्वा उडवला त्या सामन्यात त्याचे दोन गोल होते. १९४८ साली त्याने मिडल्सब्रोच्या करारावर सही करायला नकार दिला. त्याला ओल्डहॅमला जायचं होतं. क्लबने किंमत अशी लावली की ओल्डहॅमला ती परवडणं अशक्य. मॅनियन काही महिने बाहेर बसला आणि १९४९च्या सुरुवातीला मुकाट परत आला.

टॉम फिनीची गोष्ट निराळी. १९५२ साली इटलीतल्या पालेर्मोकडून त्याला निरोप आला: सही केल्याबरोबर १०,००० पौंड, महिन्याला १३० पौंड, राहायला बंगला, गाडी. तो प्रेस्टन क्लबचा खेळाडू, तिथेच फुटबॉलबरोबर नळजोडणीचा धंदा करायचा. क्लबच्या अध्यक्षांकडे विचारायला गेला, तर प्रेस्टनसाठी खेळायचं नसेल तर कुणासाठीच खेळायला मिळणार नाही, असं सरळ उत्तर मिळालं. फिनी घरी आला आणि पुढे निवृत्त होईपर्यंत प्रेस्टनसाठीच खेळला. त्याच्या निष्ठेचं कौतुक आजही होतं. ते योग्यच, पण त्या निष्ठेला दुसरा पर्याय नव्हता हेही सोबत सांगायला हवं.

आणि एक चार्ली मिटन. मँचेस्टर युनायटेडचा डाव्या बगलेवरचा खेळाडू. १९५० साली संघाच्या अमेरिका दौऱ्यावरून तो थेट कोलंबियाला, बोगोटाच्या सांता फे क्लबकडे निघून गेला. कोलंबियाची लीग तेव्हा फिफाच्या बाहेर होती, त्यामुळे नोंदणीचं दावं तिथवर पोचत नव्हतं. वर्षभराने परतल्यावर २५० पौंड दंड आणि सहा महिन्यांची बंदी त्याच्या कपाळी आली. हे नाव लक्षात ठेवा, कारण १९६० साली न्यूकॅसलचा मॅनेजर हाच मिटन होता. ज्याने नियमातून पळ काढण्यासाठी समुद्र ओलांडला, त्याच्याच कारकिर्दीत त्याचा सर्वांत गुणी खेळाडू त्याच नियमाने अडकला. नियम वाईट असेल तर त्याला चालवायला वाईट माणसं लागत नाहीत, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

न्यूकॅसलमध्ये काय बिनसलं

ईस्टहॅमचा जन्म ब्लॅकपूलचा, १९३६ सालचा, घर फुटबॉलचं. वडीलही जॉर्ज ईस्टहॅमच. ते बोल्टन आणि ब्लॅकपूलकडून खेळले, १९३५ साली इंग्लंडकडूनही एक सामना खेळले. नंतर ते उत्तर आयर्लंडच्या आर्ड्स क्लबमध्ये गेले आणि मुलगा तिथेच त्यांच्या बरोबरीने मैदानात उतरला. न्यूकॅसलने १९५६ साली त्याला ९,००० पौंडांना घेतलं. शिडशिडीत अंगाचा इनसाइड फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या फळीत आतल्या बाजूने खेळणारा. ताकदीने घुसण्यापेक्षा चेंडू नेमका कुठे सरकवायचा हे त्याला आधी दिसायचं.

तक्रारी ऐकल्या तर त्या क्रांतिकारकाच्या वाटणार नाहीत. क्लबने दिलेलं घर राहण्याजोगं नाही. फुटबॉलच्या जोडीला जी दुसरी नोकरी लावून देऊ म्हटलं होतं, ती धड नाही. इंग्लंडच्या २३ वर्षांखालच्या संघातून खेळायला जायचं तर त्यात क्लबने खोडा घातला. भाड्याचं घर, जोडधंदा, सुट्टी: कुठल्याही चाळीतल्या कुठल्याही नोकरदाराचं गाऱ्हाणं असंच असतं. फरक इतकाच, की चाळीतला माणूस शेवटी राजीनामा टाकून दुसरीकडे जातो.

ईस्टहॅमने पुढे स्वतःच हे बोलून दाखवलं. शिक्षक किंवा व्यापारी पेढीतला माणूस नोटीस देऊन नोकरी बदलू शकतो, आम्ही नाही, असं त्याचं म्हणणं. खेळाडू आपसात त्या कराराला 'गुलामीचा करार' म्हणत.

त्याने बदलीचा अर्ज दिला. न्यूकॅसलने नाकारला. मग तो दक्षिणेला गेला आणि घरोब्यातले एर्नी क्ले यांच्याकडे नोकरीला लागला. बुचांचा धंदा त्यांचा. (हेच क्ले पुढे फुलहॅम क्लबचे अध्यक्ष झाले.) उमेदीचे महिने मैदानाबाहेर वाया जात होते, पण घरात पैसे येत होते. क्लबचा सगळा डाव खेळाडू उपाशी पडून परत येईल यावर बेतलेला असे. तो डाव इथे लागू पडला नाही.

नोव्हेंबर १९६० मध्ये न्यूकॅसलने हात टेकले आणि आर्सेनलला ४७,५०० पौंडांना त्याला विकलं. चार वर्षांपूर्वीचे ९,००० लक्षात घेतले तर क्लबचं काही बिघडलं नव्हतं. १० डिसेंबरला बोल्टनविरुद्ध तो आर्सेनलकडून पहिल्यांदा खेळला आणि दोन गोल केले. न्यूकॅसल त्याच हंगामाच्या शेवटी दुसऱ्या विभागात घसरलं.

इथे मॅनियनची गोष्ट संपली असती. मॅनियन हरला आणि ईस्टहॅम जिंकला हे खरं, पण दोन्ही वेळा नियम जसाच्या तसा राहिला. एका माणसाने ताणून धरलं तर त्याचं त्याच्यापुरतं मिटतं. यादी पुढच्या मे महिन्यात पुन्हा निघतेच.

शब्द दिला आणि फिरवला

युनियनचं नाव आता बदललं होतं. १९५८ पासून ती 'प्रोफेशनल फुटबॉलर्स असोसिएशन', म्हणजे पीएफए. अध्यक्ष जिमी हिल हा फुलहॅमचा खेळाडू, दाढीवाला, बोलण्यात वाकबगार. सचिव क्लिफ लॉइड शांत माणूस. कागदपत्रं आणि आकडे तोंडपाठ. हिलने कमाल पगाराचा प्रश्न वर्तमानपत्रांत नेला, लॉइडने तो टेबलावर लढवला.

१९६०च्या शेवटी संपावर मतं घ्यायला लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर इथे खेळाडूंच्या सभा झाल्या. मँचेस्टरच्या सभेची एक गोष्ट इंग्लंडात अजून सांगतात. एक खेळाडू उठून म्हणाला, माझे वडील कोळशाच्या खाणीत राबतात आणि आपल्यापेक्षा कमी कमावतात, मग संप कशाला? तेव्हा बोल्टनचा बॅक टॉमी बँक्स उभा राहिला. तो स्वतः खाणीत काम केलेला. खाणीचे कष्ट मला ठाऊक आहेत, तो म्हणाला, पण तुझ्या वडिलांना सांग, शनिवारी माझ्या जागी येऊन तीस हजार लोकांसमोर या मॅथ्यूजभाऊंना अडवून दाखवा. चेंडू घेऊन बचावपटूंना चकवण्यात इंग्लंडभर नावाजलेले स्टॅनले मॅथ्यूज सभेतच बसलेले होते. मतदानाचं काय झालं ते सांगायला नको.

संपाची तारीख होती २१ जानेवारी १९६१. तीन दिवस आधी, १८ तारखेला, तडजोड झाली. कमाल पगार रद्द. लवकरच फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड जाहीर केले आणि सगळ्या वर्तमानपत्रांनी तोच आकडा छापला.

पण त्या तडजोडीत राखीव यादीची पद्धत सैल करण्याचाही शब्द होता. पगाराची दोरी सोडायला क्लब तयार झाले, नोंदणीची सोडायला नाही. संपाचं सावट हटताच त्यांनी तो शब्द फिरवला. १०० पौंडांच्या गाजावाजात हे फार कुणाच्या लक्षात आलं नाही. पीएफएच्या लक्षात होतं. संपाचं हत्यार आता पुन्हा उगारता येण्यासारखं नव्हतं, कारण ज्यांचे पगार पाचपट होऊ घातले होते ते खेळाडू यादीच्या प्रश्नावर मैदान सोडतील अशी आशा नव्हती. उरलं कोर्ट. आणि कोर्टात जायला एक नाव लागतं, ज्याच्याबाबतीत हा नियम प्रत्यक्ष वापरला गेला आहे असं.

ते नाव होतं जॉर्ज ईस्टहॅम. पीएफएने खर्चासाठी सुमारे १५,००० पौंडांची तयारी केली. १९१२ची आठवण असलेल्या संघटनेने हे करणं सोपं नव्हतं. आणि आर्सेनलमध्ये रुळलेल्या, इंग्लंडच्या संघाच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या खेळाडूने एफए (फुटबॉल असोसिएशन, इंग्लंडातल्या फुटबॉलची मुख्य संस्था), फुटबॉल लीग आणि जुन्या क्लबविरुद्धच्या दाव्यात वादी म्हणून राहणं त्याहून सोपं नव्हतं. इंग्लंडचा संघ निवडणारी संस्था एफएच होती. प्रतिवादी तीच. या दाव्याचा फटका त्याला बसला असं मात्र म्हणता येणार नाही. ८ मे १९६३ रोजी ब्राझीलविरुद्ध तो इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच कोर्टात हजर होता.

न्यायमूर्ती आणि निकाल

खटला उच्च न्यायालयाच्या चॅन्सरी विभागात न्यायमूर्ती रिचर्ड विल्बरफोर्स यांच्यापुढे आला. त्यांचा जन्म १९०७ सालचा, आपल्याकडच्या जालंधरचा. वडील लाहोरला न्यायाधीश. आणि गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी आयुष्य घालवलेल्या विल्यम विल्बरफोर्सचे हे खापरपणतू. 'गुलामीच्या करारा'चा खटला त्यांच्यापुढे यावा हा निव्वळ योगायोग, पण इंग्रजी वर्तमानपत्रं असला योगायोग वाया घालवतात थोडीच.

वकिलांनी १९१२ची चूक टाळली. क्लब दुष्टपणे वागला का, या प्रश्नावर खटला उभाच केला नाही. प्रश्न साधा ठेवला: माणसाच्या पोटापाण्याच्या स्वातंत्र्यावर घातलेलं हे बंधन वाजवी आहे का? इंग्लिश कायद्यात असं बंधन मुळात अवैध धरतात आणि ते वाजवी आहे हे दाखवायची जबाबदारी बंधन घालणाऱ्यावर असते. मांडणी एवढी बदलली आणि खटल्याचं पारडंच फिरलं. आता ईस्टहॅमला काही सिद्ध करायचं नव्हतं. उत्तर लीगने द्यायचं होतं.

लीगच्या साक्षीदारांनी जुनंच पालुपद आळवलं: खेळाचा डोलारा कोसळेल, लहान क्लब मरतील, प्रेक्षक पांगतील. लॉइड यांची साक्ष वेगळी ठरली. व्यावसायिक फुटबॉलच्या वास्तवाशी या माणसाचा जितका संबंध आहे तितका बाकी कुठल्या साक्षीदाराचा दिसला नाही, अशा अर्थाची दाद विल्बरफोर्स यांनी निकालपत्रातच दिली.

४ जुलै १९६३ रोजी निकाल आला. तो वाचण्यासारखा आहे, कारण त्यात आवेश जवळजवळ नाही. बदली-शुल्काची पद्धत लहान क्लबांना पैसा पुरवते हे विल्बरफोर्स मान्य करतात. खेळाडूची विक्री म्हणजे माणसांचा बाजार, मध्ययुगाचा अवशेष, ही वादीच्या वकिलांची टीका ते नोंदवतात आणि एवढंच जोडतात, की या प्रथेला सरावलेला नसलेल्या माणसाला ती राष्ट्रीय खेळाच्या वृत्तीशी विसंगतच वाटेल. घाव घालतात तो 'राखून ठेवण्या'वर. नोकरी संपल्यानंतरही माजी मालकाने माणसाची दुसरीकडची वाट अडवायची, आणि तीही पगार न देता, याला वाजवी ठरवणारं कारण त्यांना सापडत नाही. ही पद्धत मालकांची आहे, ज्या धंद्यात मालकांनी जगभर एकच अभेद्य फळी उभी केली आहे त्या धंद्यातली, हे निरीक्षणही त्यांचंच.

कायद्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. ईस्टहॅमचा करार न्यूकॅसलशी होता, लीगशी नव्हे. तरीही मालकांच्या संघटनेच्या नियमांविरुद्ध कोर्ट घोषणा करू शकतं असं विल्बरफोर्स यांनी धरलं. हे झालं नसतं तर एका क्लबचं वागणं चूक ठरलं असतं आणि नियमपुस्तक कपाटात सुखरूप राहिलं असतं.

आणि पैसे? न्यूकॅसलकडून बुडालेला पगार म्हणून ईस्टहॅमने ४०० पौंड आणि राहिलेला बोनस म्हणून ६५० पौंड मागितले होते. ते नामंजूर झाले. तू खेळायलाच नकार दिलास, मग देणं न देणं क्लबच्या मर्जीवर, असा हिशेब. संघटनेला निकाल मिळाला, इंग्लंडातल्या प्रत्येक खेळाडूला त्याचा लाभ मिळाला. वादीच्या हाती एक पौंडही आला नाही.

नंतर

दावं एका झटक्यात तुटलं असं समजू नये. १९६४ पासून नवे नियम आले. करार संपल्यावर खेळाडू ठेवायचा असेल तर निदान आधीच्या इतक्याच चांगल्या अटी द्याव्या लागतील, नाहीतर तो मोकळा. वाद झाला तर निवाड्यासाठी लवाद. बदली-शुल्क राहिलं. क्लबचं वजन राहिलं. करार संपताच क्लब बदलण्याचा खराखुरा हक्क इंग्लंडात १९७८ साली आला, आणि तेव्हाही शुल्क होतंच. ते गेलं १९९५च्या डिसेंबरात, युरोपीय न्यायालयाच्या बोसमन निकालाने.

ईस्टहॅम आर्सेनलकडे १९६६ पर्यंत राहिला, इंग्लंडकडून १९ सामने खेळला. १९६६ साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघात त्याचं नाव होतं, पण एकाही सामन्यात उतरायला मिळालं नाही. तेव्हा पदकं फक्त अंतिम सामन्यातल्या अकरा जणांना मिळत. बाकीच्यांना ती २००९ साली, डाउनिंग स्ट्रीटवर देण्यात आली. त्रेचाळीस वर्षांनी.

१९६६च्या ऑगस्टमध्ये तो स्टोक सिटीत आला. या बदलीत भांडण नव्हतं, म्हणून तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. ४ मार्च १९७२ रोजी वेम्बलीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीशी १-१ अशी बरोबरी असताना ग्रीनहॉफचा फटका गोलरक्षक बोनेटीने अडवला, चेंडू सुटा झाला आणि ३५ वर्षांच्या ईस्टहॅमने तो जवळून आत सरकवला. स्टोकचा तो पहिला मोठा चषक. पुढच्या वर्षी त्याला ओबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला. १९७७ साली तो स्टोकचा मॅनेजर झाला, काही महिन्यांतच, १९७८च्या जानेवारीत, पद गेलं.

त्याच १९७८ साली तो कायमचा दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. वर्णभेदाचा तो विरोधक होता. तिथे कृष्णवर्णीय मुलांना फुटबॉल शिकवत राहिला. इकडे इंग्लंडात त्याच वर्षी करार संपलेले खेळाडू पहिल्यांदाच कुणाला न विचारता क्लब बदलू लागले होते.